बार्बरा कुक: आधी म्युझिकलची नायिका, मग कॅबरेची गायिका. ही उतरण की चढण?

तिसरी_घंटा

बार्बरा कुकची दोन ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐकावीत अशी माझी सगळ्यांना विनंती आहे. पहिलं १९५६चं, ब्रॉडवेवरच्या (न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवरच्या) 'कँडीड' या म्युझिकलचं, म्हणजे गाण्यांतून गोष्ट सांगणाऱ्या नाटकाचं. संगीत लिओनार्ड बर्नस्टाईनचं. त्यात कुनेगोंड या पात्राला एक भलंमोठं गाणं आहे, ऑपेरात मुरलेल्या गायिकांनाही घाम फोडणारं. कुक ते आठवड्याला आठ प्रयोगांत गात होती. दुसरं ध्वनिमुद्रण जानेवारी १९७५चं, कार्नेगी हॉलमधल्या तिच्या एकल कार्यक्रमाचं. आवाज ओळखीचा आहे, पण गाणारी बाई पार बदललेली आहे.

मधल्या वर्षांत काय झालं ते थोडक्यात. 'कँडीड' ७३ प्रयोगांत आटोपलं. पुढच्याच वर्षी 'द म्युझिक मॅन' आलं. त्यातल्या मॅरियन या ग्रंथपालाच्या भूमिकेसाठी तिला टोनी, म्हणजे ब्रॉडवेचं सगळ्यात मानाचं पारितोषिक, मिळालं. १९६३मध्ये 'शी लव्ह्ज मी'. त्यानंतर कामं आटत गेली. दारू, नैराश्य, वाढलेलं वजन, पैशांची ओढाताण, हे सगळं तिने २०१६च्या आत्मचरित्रात काहीही न लपवता लिहिलंय. मग वॉली हार्पर हा पियानोवादक आणि संगीत दिग्दर्शक भेटला, कार्नेगीचा कार्यक्रम झाला, आणि तिथून पुढची चाळीस वर्षं ती कॅबरे आणि मैफलींची गायिका म्हणून जगली. २०१७च्या ऑगस्टमध्ये ८९व्या वर्षी गेली.

कॅबरे म्हणजे इथे छोटी खोली, टेबलांभोवती बसलेले शंभरच्या आतबाहेर लोक, एक पियानो, गाणी आणि गाण्यांच्या मधलं बोलणं. हिंदी सिनेमातला नाच डोळ्यांसमोर आणू नका.

बहुतेक लेखांत तिच्या या दुसऱ्या भागाला 'पुनरागमन' म्हणतात. जणू मोठं काम आधीच होऊन गेलं आणि नंतर तिने कसंबसं सावरलं. मला हे पटत नाही. माझ्या मते ब्रॉडवे ही तिची तालीम होती आणि कॅबरे हा कळस. तुम्हाला काय वाटतं?

सौभद्र_वेडा

धागा आवडला, पण 'तालीम' या शब्दाला जोरदार विरोध.

नाटकातलं गाणं हे त्या पात्राचं असतं. त्याच्या आधी एक प्रसंग असतो, नंतर एक प्रसंग असतो. आपल्याकडे नाट्यपदांच्या मैफली होतात तेव्हा मी आवर्जून जातो, पण दर वेळी वाटतं की पद ऐकलं आणि नाटक हुकलं. पदाच्या आधीचा संवाद, समोरच्या पात्राची चुळबुळ, काहीच नसतं. उरते ती चाल आणि ताना. बालगंधर्व किंवा ज्योत्स्ना भोळे यांच्याबद्दल जुनी माणसं बोलतात तेव्हा ती फक्त गळ्याबद्दल बोलत नाहीत. त्या पात्राचं उभं राहणं, पदर सावरणं, पद सुरू होण्याआधीचा क्षणभराचा थांबा, या सगळ्याबद्दल बोलतात.

तेव्हा ज्या बाईने आठवड्याला आठ वेळा ते अवघड गाणं पात्रात राहून गायलं, तिच्या त्या कामाला तालीम म्हणणं अन्यायाचं आहे.

बेरकी_बोका

लोक टेबलावर जेवतायत आणि ही गातेय? आमच्या सभागृहात कोणी वेफर्सची पिशवी फोडली तर अख्खी रांग मागे वळून बघते.

हडसनकाठची

@बेरकी_बोका, चांगल्या ठिकाणी वेटर फार सांभाळून वावरतात. मुख्य कार्यक्रम सुरू व्हायच्या आत बहुतेकांचं जेवण आटोपलेलं असतं. हळव्या गाण्याच्या वेळी वेटर ट्रे घेऊन भिंतीशी उभा राहिलेला मी पाहिलाय, गाणं संपेपर्यंत हलला नाही.

इथल्या व्यवहाराबद्दल थोडं सांगते, कारण त्याशिवाय हा प्रश्न नीट सुटणार नाही. प्रेक्षकाला दोन खर्च असतात: प्रवेशाचे पैसे, आणि शिवाय खाण्यापिण्यावर किमान अमुक इतका खर्च करण्याची अट. कॅफे कार्लाइलसारख्या हॉटेलातल्या खोलीत हा आकडा चांगलाच चढा असतो. ती जागा १९५५पासून चालू आहे. अल्गॉन्क्विन हॉटेलची ओक रूम अशीच नावाजलेली होती, ती २०१२मध्ये बंद झाली. त्याच वर्षी '५४ बिलो' हा कॅबरे क्लब सुरू झाला, तळघरात, रंगभूमीच्या ऐन वस्तीत. आणि ४६व्या रस्त्यावरचं 'डोन्ट टेल मामा' १९८०च्या दशकापासून नवख्यांना जागा देत आलंय.

कार्लाइलमध्ये गाणारी तारका आणि लहान खोलीत पहिला कार्यक्रम करणारी मुलगी, दोघींच्या कामाला कॅबरेच म्हणतात, पण पैशाचं गणित पूर्ण उलटं आहे. नवख्या गायिकेला पियानोवादक, बेस, दिग्दर्शक, तालमीची खोली, जाहिरात सगळं स्वतःच्या खिशातून करावं लागतं. माझ्या ओळखीची एक गायिका दर वर्षी असा कार्यक्रम करते. मित्रमंडळींनी खोली भरली तरी तिच्या हाती फारसं काही उरत नाही. तरी करते. म्हणते, भूमिका मिळण्यासाठी कोणीतरी निवडावं लागतं, इथे मीच मला निवडते.

तिसरी_घंटा

@हडसनकाठची, शेवटचं वाक्य वहीत उतरवून घेतलं. तुम्ही कुकला प्रत्यक्ष ऐकलंय का?

हडसनकाठची

हो, तिच्या उतारवयात. बसूनच गात होती. शेवटच्या गाण्याला तिने माईक बाजूला ठेवला. ही तिची जुनी सवय, कितीतरी कार्यक्रमांत शेवटचं गाणं ती विनामाईक गायची. आवाज छोटा होता, पण एकेक शब्द कळत होता. मागच्या टेबलावरचा माणूस पुढे वाकून ऐकत होता, आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मीही वाकलेय.

काळी_पाच

साथीदार म्हणून लिहितो. मी पियानो आणि हार्मोनियम दोन्ही वाजवतो, नाटकातही आणि एकल कार्यक्रमांतही.

वर सगळे कुकबद्दल बोलतायत आणि वॉली हार्परचं नाव एका ओळीत संपलं. हा माणूस १९७५च्या त्या कार्यक्रमापासून २००४मध्ये स्वतः जाईपर्यंत तिच्याबरोबर होता. जवळपास तीस वर्षं. संगीत संयोजन त्याचं, कार्यक्रमाची बांधणी त्याची, आणि पियानोवर तोच. कॅबरेत साथीदार हा अर्धा नट असतो.

नाटकात वाद्यवृंद खड्ड्यात असतो, संचालक काठी फिरवतो आणि गायिकेला त्याच्या लयीत राहावं लागतं. रोज तीच लय, कारण त्या लयीवर नाच आणि प्रकाश बांधलेला असतो. एकल कार्यक्रमात उलटं. गायिका एका शब्दावर थांबली तर मी थांबतो. ती श्वास घेते तेव्हा तिचे खांदे दिसतील अशा कोनातच मी पियानो लावून घेतो, कारण पुढची ओळ कधी येणार ते मला खांदे सांगतात. एकदा एक ज्येष्ठ गायिका कडव्याच्या तोंडाशी शब्द विसरली. मी ते दोन बार पुन्हा वाजवले, जरा सजवून. ती माझ्याकडे बघून हसली आणि लोकांना म्हणाली, "हा वाजवतोय छान, ऐकून घेऊ." टाळ्या पडल्या, तोवर शब्द आठवले. नाटकात हे शक्यच नव्हतं.

तेव्हा माझं मत @तिसरी_घंटा यांच्याकडे झुकतं. पण 'तालीम' मीही म्हणणार नाही. हे दोन वेगळे धंदे आहेत.

गवाक्ष

सगळं छान चाललंय, पण एक कडू गोष्ट कोणीच बोलत नाहीये. कुक कॅबरेकडे 'वळली' की तिला वळावं लागलं?

म्युझिकलमध्ये बाईसाठी लिहिलेल्या भूमिका बघा. सोळा ते तिशीपर्यंत प्रेमात पडणारी नायिका. मग मोठी पोकळी. मग एकदम आई, मावशी, शेजारीण किंवा मठातली मोठी बाई. पुरुष नायक पन्नाशीतही नायकच असतो. कुकचं वजन वाढलं आणि 'गोड नायिका' हा तिचा साचा मोडला. आवाज शाबूत होता, फक्त त्या आवाजासाठी कोणी भूमिका लिहीत नव्हतं. त्याही आधी, १९६२मध्ये 'द म्युझिक मॅन'चा चित्रपट आला तेव्हा मॅरियनची भूमिका शर्ली जोन्सला गेली. ज्युली अँड्र्यूजचंही 'माय फेअर लेडी'च्या बाबतीत हेच झालं, चित्रपटात ऑड्री हेपबर्न आली. रंगमंचावर भूमिका घडवणारीने घडवायची आणि पडद्यावर दुसरीने मिरवायची.

म्हणून 'कळस' वगैरे शब्द वापरताना मला भीती वाटते. दार बंद केलं गेलं, तिने खिडकीतून वाट काढली. खिडकीचं कौतुक करा, पण दार कोणी बंद केलं तेही विचारा.

मंद्रसप्तक

@गवाक्ष +१.

मी आवाजाच्या विकारांवर उपचार करते. शरीराच्या बाजूने थोडं लिहिते.

आठवड्याला आठ प्रयोग म्हणजे सहसा सहा दिवस काम, त्यातले दोन दिवस दोन-दोन प्रयोग. स्वरतंतू हे मऊ ऊतींचे असतात, गाताना सेकंदाला शेकडो वेळा एकमेकांवर आदळतात. वरच्या पट्टीत जोर लावून गाणारीचे तर आणखी जास्त. पुरेशी विश्रांती मिळाली नाही की सूज, मग गाठी. सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण ज्युली अँड्र्यूजचं. ब्रॉडवेवर मोठी भूमिका करत असताना आवाजाला त्रास झाला, १९९७मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि तिचं गाणं गेलं ते गेलंच.

वयाबरोबर बाईचा आवाज खाली उतरतो. रजोनिवृत्तीनंतर तंतू जाड होतात आणि वरचे सूर महाग पडतात. नाटकात स्वरलेखन ठरलेलं असतं. प्रस्थापित भूमिकेची पट्टी एखाद्या बड्या तारकेसाठी बदलतात, इतरांसाठी नाही. एकल कार्यक्रमात गायिका सरळ पट्टी खाली आणते. रंगभूमीवर शेवटच्या रांगेपर्यंत फेक लागते, छोट्या खोलीत माईकजवळ नुसता लगाव पुरतो. कुक ८०च्या पुढे गाऊ शकली याला तिचा पाया जितका कारण आहे, तितकंच हेही कारण आहे की तिने गळ्याला झेपेल तसं गाणं बदलत नेलं.

गळ्याच्या दृष्टीने विचाराल तर कॅबरे म्हणजे दीर्घायुष्य.

पडद्यामागचा

न्यूयॉर्कमध्ये अडकलात सगळे. जरा बर्लिनला चला.

'उतरण की चढण' हा प्रश्न ब्रॉडवेसारख्या एकाच शिडीच्या जगात पडतो. कॅबरे जन्मालाच वेगळा आला. १८८१मध्ये पॅरिसच्या मोंमार्त्रमध्ये 'शा न्वार' उघडलं तेव्हा तिथे कवी, चित्रकार, गाणारे आपापलं सादर करत होते. १९०१मध्ये बर्लिन आणि म्युनिकमध्ये सुरुवात झाली. पहिल्या महायुद्धानंतरच्या बर्लिनमध्ये तर नट-नट्या संध्याकाळी नाटक करून रात्री कॅबरेत गात. वर-खाली असं काही नव्हतंच. १९३३नंतर नाझींनी ते जग मोडलं आणि त्यातली माणसं देशोधडीला लागली.

माझा मुद्दा लोटे लेन्या या गायिका-नटीचा. जन्म १८९८, व्हिएन्ना. ३१ ऑगस्ट १९२८ला बर्लिनमध्ये नाटककार ब्रेश्ट आणि संगीतकार कुर्ट वाईल यांच्या 'थ्रीपेनी ऑपेरा'चा पहिला प्रयोग झाला. त्यात ती जेनी होती आणि छापील पत्रिकेत तिचं नावच राहून गेलं. नवरा, म्हणजे खुद्द वाईल, भयंकर संतापला होता. पुढे दोघे अमेरिकेत गेले. १९५०मध्ये वाईल वारला. १९५४मध्ये न्यूयॉर्कच्या एका छोट्या नाट्यगृहात तेच नाटक आलं आणि तीच भूमिका लेन्याने पुन्हा केली, पन्नाशी उलटल्यावर. प्रयोग ऑफ-ब्रॉडवेवर, म्हणजे ब्रॉडवेबाहेरच्या छोट्या रंगभूमीवर, असूनही तिला टोनी मिळालं. तोवर आवाज खूप खाली आला होता, खरखरीत झाला होता. तिची त्या दशकातली ध्वनिमुद्रणं खालच्या पट्टीत आहेत, आणि आज वाईलची गाणी कशी गावीत याचा नमुना म्हणून बहुतेक जण तीच ऐकतात.

मग १९६६मध्ये 'कॅबरे' नावाच्या म्युझिकलमध्ये तिने घरमालकीण फ्रॉइलाइन श्नायडर केली. प्रयोग ब्रॉडवेवर, कथा तिच्याच जुन्या बर्लिनची. तिच्या बाबतीत नाटक कुठे संपलं आणि कॅबरे कुठे सुरू झाला, सांगा बरं.

सौभद्र_वेडा

@पडद्यामागचा, थ्रीपेनी म्हटल्यावर 'तीन पैशाचा तमाशा' आठवणार नाही असा मराठी माणूस विरळा. पु. लं.चं रूपांतर, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, थिएटर अकॅडमी, १९७८. वाईलचं संगीत बाजूला ठेवून त्यांनी स्वतःची गाणी घातली. पाश्चात्त्य संगीत, लावणी, नाट्यसंगीत सगळं एका नाटकात नांदलं.

आणि पु. लं.वरून आणखी एक सुचलं. 'बटाट्याची चाळ'चे एकपात्री प्रयोग. एकच माणूस, समोर प्रेक्षक, बोलणं, मधेच गाणं, नाना पात्रं. कॅबरेची जी व्याख्या धाग्यात वर दिलीय तिच्या सगळ्यात जवळ जाणारं आपल्याकडचं काम मला तरी हेच वाटतं. टेबलं तेवढी नव्हती.

बेरकी_बोका

टेबलं नव्हती, पण मध्यंतरात बटाटेवडा होता. 😄

तिसरी_घंटा

@गवाक्ष, तुमचा मुद्दा मनापासून मान्य. दार बंद केलं गेलं होतं. पण पुढचंही बघा. १९८८मध्ये इंग्लंडात स्ट्रॅटफर्डला तिला एका नव्या म्युझिकलमध्ये मोठी भूमिका मिळाली, 'कॅरी'मधल्या आईची. ब्रॉडवेला जाण्याआधीच ती बाहेर पडली. म्हणजे तोवर तिच्याकडे 'नाही' म्हणायची ताकद आली होती, आणि ती ताकद कॅबरेने दिली होती. १९५७मधल्या नायिकेकडे ती नव्हती.

गवाक्ष

हे चांगलं उदाहरण आहे. 'नाही' म्हणता येणं ही फार मोठी कमाई.

निवांत_पाटी

सगळ्या बायकांचीच नावं का? पुरुष कॅबरे करत नाहीत का? वाचतेय, वाखुसा (वाचनखूण साठवली).

हडसनकाठची

@निवांत_पाटी, करतात की. बॉबी शॉर्ट हा पियानो वाजवत गाणारा माणूस १९६८पासून २००४पर्यंत कॅफे कार्लाइलचा चेहराच होता. मात्र तो म्युझिकलमधून आला नव्हता, कॅबरे हेच त्याचं मूळ घर. तशीच मेबल मर्सर. जन्म इंग्लंडचा, नाव झालं पॅरिसमध्ये, मग न्यूयॉर्क. खुर्चीत ताठ बसायची आणि हात मांडीवर ठेवून गायची. फ्रँक सिनात्रा सांगायचा की शब्द कसे तोडावेत आणि जोडावेत हे तो तिच्याकडून शिकला. १९८३मध्ये तिला अमेरिकेचं सर्वोच्च नागरी पदक मिळालं.

अवांतर: न्यूयॉर्कमध्ये १९४०पासून १९६७पर्यंत अशा जागी काम करायला पोलिसांकडून कार्ड घ्यावं लागे. जुना गुन्हा असेल तर कार्ड रद्द. जॅझ गायिका बिली हॉलिडेचं असंच गेलं. १९४८मध्ये तिने तुडुंब भरलेल्या कार्नेगी हॉलमध्ये गायलं, पण त्याच शहरातल्या छोट्या क्लबात तिला गायची मुभा नव्हती. हजारो लोकांसमोर चालेल, साठ लोकांसमोर नाही. मला याचा अजूनही राग येतो.

नवी_विंग

पहिल्यांदाच लिहितेय. मी म्युझिकल थिएटरचं रीतसर शिक्षण घेतलंय आणि सध्या एका फिरत्या निर्मितीत स्विंग आहे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: स्विंग म्हणजे समूहातल्या अनेक जणांची कामं पाठ करून ठेवायची आणि जो आजारी पडेल त्याच्या जागी उभं राहायचं. प्रत्येकाची वेगळी वही. कोण कुठल्या विंगेतून येतो, नाचात कितव्या रेषेवर उभा राहतो, कुठल्या सुरात गातो, सामान कुठून उचलतो. मी रंगीत पेनं वापरते, एकेकाला एक रंग.

२०२१च्या डिसेंबरमध्ये ब्रॉडवेवर करोनामुळे एकामागून एक कलाकार आजारी पडले तेव्हा 'द म्युझिक मॅन'च्या नव्या निर्मितीत मॅरियनच्या भूमिकेत केथी वॉइट्को काही तासांच्या सूचनेवर उभी राहिली. प्रयोगानंतर ह्यू जॅकमनने तिला पुढे आणून सगळ्या स्विंग आणि अंडरस्टडींचे (मुख्य भूमिका पाठ ठेवणाऱ्या बदली कलाकारांचे) आभार मानले. तो व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी रडत बघितला. बार्बरा कुकचीच भूमिका, म्हणून इथे सांगावंसं वाटलं.

माझा प्रश्न असा: मला स्वतःचा कॅबरे करायचाय. सोमवारी बहुतेक प्रयोग बंद असतात, तेव्हा करता येईल. पण शिक्षक म्हणाले, आत्ता काय बोलशील लोकांशी? चाळिशीनंतर कर. वर सगळे चाळिशी-पन्नाशीच्याच गोष्टी सांगतायत. खरंच थांबावं का?

काळी_पाच

@नवी_विंग, अजिबात थांबू नका. पण दोन-तीन गोष्टी सांभाळा.

तरुण गायकांच्या कार्यक्रमात मला हमखास दिसतं ते हे की सगळी गाणी टाळ्या घेणारी. प्रत्येक गाणं तार सप्तकात संपतं. तिसऱ्या गाण्यापर्यंत ऐकणारा थकतो. ऑडिशनला सोळा बारांत सगळं दाखवायची सवय लागलेली असते आणि ती इथेही येते. मधे एक असं गाणं ठेवा जे अगदी हळू, बसून, जवळजवळ बोलल्यासारखं म्हणता येईल. आणि मधलं बोलणं लिहून काढा, पाठ करा, मग विसरल्यासारखं बोला. 'आता मी पुढचं गाणं सादर करते' हे वाक्य आलं की मी पियानोवर मनातल्या मनात डोकं आपटतो.

हडसनकाठची

@नवी_विंग, बोलण्यासारखं काय आहे म्हणता? तुम्ही रंगीत पेनांबद्दल जे लिहिलंत तेच आहे. मी तो कार्यक्रम तिकीट काढून बघेन.

पडद्यामागचा

+१००. आणि उटे लेम्पर या जर्मन गायिका-नटीचं उदाहरण घ्या. जन्म १९६३. विशीत व्हिएन्नामध्ये 'कॅट्स', मग पॅरिसमध्ये 'कॅबरे'तली सॅली बोल्स, आणि त्याच काळात वाईलची गाणी एकटीने गाणंही सुरू. पुढे १९९७मध्ये लंडनला 'शिकागो'त व्हेल्मा, त्याबद्दल ऑलिव्हिए पुरस्कार. दोन्ही गाड्या सुरुवातीपासून बरोबरच धावत होत्या. चाळिशीची वाट पाहिली नाही.

मंद्रसप्तक

@नवी_विंग, एक वैद्यकीय सूचना. सोमवार हा तुमच्या गळ्याचा एकुलता एक सुट्टीचा दिवस आहे. कार्यक्रम केलात तर त्या आठवड्यात बाकीचं बोलणं कमी करा. पार्टीत, गोंगाटात ओरडून बोलणं गाण्याहून जास्त नुकसान करतं. रोज करू नका, महिन्यातून एकदा पुरे.

सौभद्र_वेडा

@नवी_विंग, तुमच्यासाठी ब्रॉडवेची नटी एलेन स्ट्रिच हिची गोष्ट. १९७०मध्ये 'कंपनी' या म्युझिकलची तबकडी ध्वनिमुद्रित होत होती. त्या दिवसाचा माहितीपट आहे. उत्तररात्र झालेली, तिच्या मोठ्या गाण्याची पाळी, आवाज संपलेला. एकामागून एक टेक फसतात. ती स्वतःवर चिडते, ओरडते, स्वतःचंच रेकॉर्डिंग ऐकून तोंड वाकडं करते. शेवटी नुसता वाद्यवृंद मुद्रित करून तिला घरी पाठवतात. नंतर ती पुन्हा येते, पूर्ण मेकअपमध्ये, आणि गाणं असं काही म्हणते की बस्स.

याच स्ट्रिचने पंच्याहत्तरी उलटल्यावर, २००१-०२मध्ये, 'अ‍ॅट लिबर्टी' नावाचा एकटीचा प्रयोग केला. पांढरा शर्ट, काळे पायमोजे आणि एक स्टूल, बाकी रंगमंच रिकामा. त्यात सगळी भूमिकांमधली गाणी आणि त्यांच्यामागच्या गोष्टी. टोनी मिळालं. आयुष्याची कितीतरी वर्षं ती कार्लाइल हॉटेलातच राहिली आणि खालच्या खोलीत गायली.

माझं म्हणणं अजून तेच आहे, पण आता जरा नेमकं मांडतो. स्ट्रिच एकटी स्टुलाशी उभी राहते तेव्हा तिच्यामागे तिने केलेली सगळी पात्रं उभी असतात. नाटक केलं नसतं तर तो प्रयोग उभा राहिला नसता.

तिसरी_घंटा

@सौभद्र_वेडा, मग आपलं भांडण फार थोडं उरलं. माझ्या बाजूचा शेवटचा पुरावा देते.

१९८५च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाबरोबर संगीतकार साँडहाइमच्या 'फॉलीज' या म्युझिकलचा मैफलीसारखा प्रयोग झाला. कुक सॅली होती, जुन्या प्रेमात अडकून बसलेली मध्यमवयीन बाई. तिचं वेड लागण्याच्या काठावरचं गाणं कुकने जवळजवळ न हलता म्हटलंय. तिशीतल्या कुकला ते जमलं नसतं असं मी म्हणते, कारण त्यात आवाज दाखवायची एकही जागा ती घेत नाही. कॅबरेत तिने दहा वर्षं हेच केलं होतं: सूर सांभाळून शब्द पुढे करणं. तेच घेऊन ती पुन्हा भूमिकेत शिरली. आणि २०१०मध्ये, ८२व्या वर्षी, 'साँडहाइम ऑन साँडहाइम'साठी तिला पुन्हा टोनीचं नामांकन मिळालं. म्हणजे कॅबरेने नाटकाला परतफेड केली.

म्हणून 'तालीम' मागे घेत नाही, पण तालीम दोन्ही बाजूंनी झाली एवढं मान्य करते.

गवाक्ष

'दोन्ही बाजूंनी तालीम' चालेल. सॅलीसारख्या आणखी भूमिका लिहिल्या गेल्या असत्या तर तिला दहा वर्षं वाट बघावी लागली नसती, हेही नोंदवून ठेवते.

निवांत_पाटी

मी यातलं काहीच ऐकलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

तिसरी_घंटा

आधी १९७५चं कार्नेगी हॉल पूर्ण ऐका, एका बैठकीत. मग १९५६चं 'कँडीड'. माझा क्रम सुरुवातीला उलटा दिला होता, पण नव्या माणसाला हा जास्त मानवतो. त्यानंतर 'फॉलीज' १९८५. लेन्यासाठी पन्नासच्या दशकातली वाईलची गाणी, भाषा कळली नाही तरी चालेल.

नवी_विंग

सगळ्यांचे खूप आभार. ठरवलंय, करतेय. @काळी_पाच, एकच शंका: पट्टी कशी ठरवायची? नाटकात जी पट्टी आहे तीच मला सवयीची झालीय.

काळी_पाच

नाटकातली पट्टी विसरा. गाण्यातली जी ओळ तुम्हाला सगळ्यात स्पष्ट कळायला हवी आहे ती ओळ निवडा. ती बोलण्याच्या आवाजात सहज म्हणता येईल तिथे पट्टी लावा. वरचा सूर मग जिथे पडेल तिथे पडू दे. आणि एकच पट्टी ठरवून येऊ नका, अर्धा सूर वर आणि अर्धा सूर खाली अशा दोन्ही प्रती साथीदाराला द्या. कार्यक्रमाच्या दिवशी गळा कसा असेल ते सकाळीच कळतं.